नानांनी चालून पाहिले

माझा २९९ रुपयांचा परतावा परवा सकाळी आमच्या शेजारच्या नानांच्या पायांमुळे नाकारला गेला, आणि हे वाक्य तक्रारीच्या कोणत्याही रकान्यात बसत नाही, ही माझी सध्याची खरी अडचण आहे. अ‍ॅपवर तक्रारींची जी यादी उघडते, तिच्यात ‘पैसे मिळाले नाहीत’ आहे, ‘वस्तू न्यायला कोणी आले नाही’ आहे, ‘इतर’सुद्धा आहे, पण ‘इतर’वर टिचकी मारली की तीच यादी पुन्हा उघडते.

वस्तू म्हणजे लादी पुसणाऱ्या चपला. तळाला मऊ कापडाच्या जाडसर झिरमिळ्या लावलेल्या या चपला घालून आपण घरभर हिंडायचे आणि हिंडता हिंडता फरशी पुसून निघायची, अशी ही योजना आहे. दिवसाढवळ्या कोणी ती ऐकवली असती तर मी हसलो असतो. परंतु रात्री साडेअकराला, दिवा मालवून, उशीवर डोके टेकवून मोबाइलच्या उजेडात पाहिली असता ती अत्यंत तर्कशुद्ध वाटते. १,४९९ या आकड्यावर काट मारून खाली २९९ लिहिलेले असते, ‘फक्त २ शिल्लक’ अशी तांबडी ताकीद असते, या घटकेला आणखी सतरा जण हीच वस्तू पाहत असल्याची बातमी असते आणि वर एक घड्याळ उलटे धावत असते. स्वच्छतेच्या सर्वेक्षणात २०१७ साली देशात पहिले आल्यापासून जे शहर त्या जागेवरून हलायलाच तयार नाही, त्या इंदूरच्या रहिवाशाने त्या सतरा जणांच्या आधी बोट चालवले, तर त्यात अस्वाभाविक काही नाही.

पार्सलातून एक चप्पल जांभळी आणि एक हिरवी निघाली.

परत नेणारा मुलगा आला तेव्हा नाना ओट्यावर पेपर वाचत होते, म्हणजे पेपर तोंडासमोर धरून गल्ली वाचत होते. नाना सरकारी खात्यातून मोठे बाबू म्हणून निवृत्त झाले त्याला बराच काळ लोटला. तथापि समोर आलेले प्रकरण शेरा न मारता पुढे जाऊ द्यायचे, ही सवय त्यांना नोकरीतही नव्हती आणि आजही नाही. मुलाने मोबाइलवर जांभळ्या जोडीचे चित्र आणले, पिशवीत डोकावले आणि तो थबकला.

“अंकल, पिक्चर में तो दोनों पर्पल हैं. आपकी एक ग्रीन है.”

“इसीलिए तो लौटा रहा हूँ,” मी म्हणालो.

“पर मेरे को तो पिक्चर से मॅच करना पड़ेगा ना. मॅच नहीं हुआ तो सिस्टिम लेगा नहीं.”

या युक्तिवादाचे सौंदर्य वाचकांनी क्षणभर न्याहाळावे. वस्तू चुकीची आली म्हणून परत द्यायची; परत घेण्यासाठी ती बरोबर वस्तूच्या चित्राशी जुळली पाहिजे; आणि ती जुळत असती, तर परत देण्याचे कारणच उरले नसते. त्या मुलावर माझा राग नाही. यंत्राने प्रश्न विचारायचे आणि त्याने हो किंवा नाही दाबायचे, एवढेच त्याच्या हाती ठेवलेले आहे, आणि एका पार्सलामागे त्याच्या पदरात जे पडत असेल त्यात स्वतःचे डोकेही लावावे, ही अपेक्षा अन्यायाची ठरेल. ज्यांनी हे प्रश्न रचले ते मात्र वातानुकूलित खोलीत बसलेले असतात आणि त्यांच्या ओट्यावर असा मुलगा कधीच येत नसावा.

“काय मामला आहे?” नानांनी पेपराची घडी घातली.

मी थोडक्यात सांगितले. थोडक्यात सांगितलेली कोणतीही गोष्ट नानांना मान्य नसते. ते खाली उतरले, त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि दोन्ही चपला दोन हातांत घेऊन वजन केल्यासारख्या खालीवर केल्या.

“जांभळी जुळते ना? मग जांभळी घेऊन जा म्हणावं. अर्धा माल, अर्धे पैसे.”

मुलाने या सूचनेवर मनापासून विचार केला, मोबाइलच्या पडद्यावर बोट वरखाली फिरवले आणि खेदाने मान हलवली. “आधे का ऑप्शन नहीं है, दादाजी.”

“ऑप्शन नहीं है तो अ‍ॅप्लिकेशन देना पड़ेगा,” नाना म्हणाले, आणि मग माझ्याकडे वळून, “बरं, यातली डावी कोणती?”

मी चपलांकडे नव्याने पाहिले. त्यांना डावे-उजवे नव्हतेच; दोन्ही सारख्याच गोल, सारख्याच बोथट. तसे मी सांगताच नानांचा चेहरा खुलला, कारण त्यांना मुद्दा सापडला होता.

“मग रंग वेगळा आहे तो त्याचसाठी! हिरवी उजवी. जहाजावर नाही का, उजव्या बाजूला हिरवा दिवा असतो आणि डाव्या बाजूला लाल.”

जहाजांविषयीची ही माहिती खरी आहे. परंतु इंदूरहून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे, माझ्या दुसऱ्या पायात लाल नव्हे तर जांभळी चप्पल येणार होती, आणि स्वयंपाकघरातून हॉलमध्ये जाताना समोरून दुसरे जहाज येण्याचा संभव आमच्या घरात कमी आहे. मी हे सर्व बोलणार, तोवर वरच्या मजल्यावरच्या काकूंनी कठड्यावरून वाकून किंमत विचारली आणि ती ऐकताच राजवाड्यापाशी अशी जोडी शंभराला मिळते, असे जाहीर केले. मी आजवर जे जे ऑनलाइन मागवले, ते ते राजवाड्यापाशी शंभराला मिळत असल्याचे मला नंतर कळलेले आहे. आधी कसे कळत नाही, हे कोडे आहे. दाराशी तराजू घेऊन उभ्या असलेल्या भाजीवालीनेही, वस्तू ‘फालतू’ आहे, असा अभिप्राय दिला, आणि तिला तो कोणी विचारला नव्हता.

मुलाच्या पडद्यावर पुढचा प्रश्न उमटला. “प्रॉडक्ट यूज़ तो नहीं किया ना?”

“नहीं,” मी ठामपणे म्हणालो.

“नाही कसं?” नाना उसळले. “वापरून पाहिल्याशिवाय माल खराब आहे हे तू कशावरून म्हणतोस? परीक्षा नाही, काही नाही, सरळ निकाल!” आणि मी हात पुढे करीपर्यंत त्यांनी आपल्या चपला काढल्या, माझ्या चढवल्या (उजव्या पायात हिरवी) आणि हात पाठीमागे बांधून ते ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. तिथे त्यांनी अधिकाऱ्याच्या ऐटीत गिरकी घेतली आणि पाय किंचित घासत ते परत आले. ओट्यावर रात्रीची धूळ होती, कडुनिंबाची पाने होती, तुळशीपाशी उदबत्तीची राख होती आणि नानांच्या सकाळच्या पोह्यांवरून सांडलेली शेव होती. नाना परत आले तेव्हा ओट्यावर एक लांबच लांब स्वच्छ पट्टा उमटला होता, आणि बाकी सगळे चपलांच्या झिरमिळ्यांत गेले होते.

“पुसलं जातं बरं का!” नाना खरोखर हरखले होते. “अरे, माल फर्स्टक्लास आहे. परत कशाला देतोस?”

मुलाने हिरवी चप्पल उलटी केली, तळाला अडकलेल्या शेवेचा जवळून फोटो काढला, एक बटण दाबले आणि मला म्हणाला, “यूज़्ड है, अंकल. अब नहीं होगा.” गाडीला किक मारताना त्याने नानांना “भिया राम” केला. मला केला नाही.

त्यानंतर नानांनी माझे खोके तपासायला घेतले. आमच्याकडे कचरा सहा प्रकारांत वेगळा करून गाडीत टाकावा लागतो, त्यामुळे पार्सल फोडल्यावर घरात एक लहानसे मंत्रिमंडळ भरते: खोका सुक्यात, फुग्यांचा कागद प्लास्टिकमध्ये, आणि चिकटपट्टी लागलेला पुठ्ठा कुठे यावर मतभेद. नानांनी खोक्यात खोका पाहून निषेध नोंदवला आणि या चपला टाकायची वेळ आलीच तर कोणत्या कप्प्यात जातील, हे आधीच विचारून ठेव, असा सल्ला दिला. सल्ल्याचे पैसे पडत नसल्यामुळे तो परत करण्याचीही सोय नाही.

मला संताप येतो तो यातल्या उलट्या क्रमाचा. माझ्या लहानपणी आईबरोबर सीतलामाता बाजारात किंवा महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटमध्ये जावे लागे, तेव्हा खरेदी हा चारचौघांत करण्याचा प्रकार होता. बरोबर आत्या असे, शेजारच्या काकू असत. दुकानदार “देखने के पैसे नहीं लगते” म्हणून गादीवर ठाणच्या ठाण उलगडी. आत्या नाक मुरडे, काकू पदराआडून खूण करी, आई निम्मा भाव सांगून उठे आणि पायऱ्या उतरू लागे. जी काही टिंगल, तपासणी आणि शोभा व्हायची, ती पैसे देण्याच्या आधी होई. एकदा पिशवी घरी आली की प्रकरण मिटे. आता पैसे देताना मी अंधारात एकटा असतो, तिथे मला अडवायला ना आत्या, ना काकू. आणि वस्तू परत देताना मात्र भर सकाळी, बनियनवर, अख्ख्या आळीसमोर माझी सुनावणी होते. एका टिचकीत खरेदी करण्याच्या युक्तीवर अ‍ॅमेझॉनला अमेरिकेत १९९९ मध्ये पेटंट मिळाले आणि २०१७ मध्ये त्याची मुदत संपल्यावर ती युक्ती सर्वांना मोकळी झाली. एका टिचकीत परत देण्याच्या युक्तीवर मात्र कोणी पेटंट मागितल्याचे ऐकिवात नाही.

सरकारला हे ठाऊक नाही, असेही नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’ रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि ग्राहकाला भुलवण्याचे १३ प्रकार नावानिशी सांगितले. तो मजकूर मी परवा दुपारी, चपला वाळत घालून, वाचला. वस्तू संपत आल्याची खोटी घाई करणे हा त्यातला एक प्रकार आहे. माझ्या त्या शेवटच्या दोन जोड्या आजही दोनच शिल्लक आहेत, हे येथे नमूद करतो. गिऱ्हाईकाला न विचारता टोपलीत काहीतरी सरकवणे हा दुसरा. माझ्या बिलात कोण्या सत्कार्यासाठी एक रुपया आधीच खूण होऊन बसला होता आणि ती खूण काढताना आपण कोणा अनाथाच्या तोंडचा घास काढत आहोत, असे वाटावे अशी सोय होती. नकार देणाऱ्याला लाजवणे हा तिसरा. विमानाच्या तिकिटाबरोबर विमा न घेणाऱ्याकडून ‘मी असुरक्षितच राहीन’ असे वदवून घेण्याचे उदाहरण खुद्द त्या तत्त्वांत दिलेले आहे. उदाहरणे वाचून मला बरे वाटले. पैसे मिळाले नाहीत.

संध्याकाळी अ‍ॅपवरून संदेश आला की, ‘ग्राहकाने परतावा रद्द केला आहे.’ ग्राहकाने! मी, नाना, भाजीवाली आणि वरच्या काकू असे साक्षीदार असताना हे लिहिण्याचे धैर्य फक्त यंत्रालाच होऊ शकते. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यावी आणि महिन्याच्या आत निवारण करावे, असे आहे. पोच वेळेच्या आत आली, हे मान्य केले पाहिजे. तिच्यात माझे नाव होते, माझ्या भावना समजल्याचे आश्वासन होते आणि खाली, मला आवडतील अशा लादी पुसणाऱ्या चपलांची आणखी चार चित्रे होती. आता १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करायचा आहे, पण पलीकडच्या व्यक्तीला नाना कसे समजावून सांगायचे, हे ठरत नसल्यामुळे तो राहिला आहे.

दरम्यान काल नाना मोबाइल न घेता, म्हणजे माझ्या मोबाइलच्या भरवशावर, घरी आले. त्यांना तशीच जोडी हवी होती, दोन्ही जांभळ्या, आणि पैसे माल हाती आल्यावर. मी अ‍ॅप उघडले तर भाव ३४९ झालेला. नानांनी चष्मा नाकावर आणला.

“अडीचशे सांग.”

“नाना, तिथे कोणाला सांगणार? तिथे माणूस नसतो.”

“माणूस नसला तरी दुकान आहे ना? मग पिशवीत घाल आणि उठून चालायला लाग. बोलावतील मागे.”

वाद घालण्याची ताकद नव्हती म्हणून मी चपला कार्टमध्ये टाकल्या आणि मोबाइल बंद केला. आज सकाळी संदेश आला: ‘तुमची आवडती वस्तू तुमची वाट पाहत आहे! फक्त आज ३० रुपये सूट.’ मी तो नानांना दाखवला. त्यांनी दोनदा वाचला, समाधानाने मान डोलावली आणि पेपर पुन्हा तोंडासमोर धरला.

“अजून दोन पायऱ्या उतर,” ते म्हणाले.