आधी बस, मग बोर्ड

मूल अडीच वर्षांचं झालं की घरात शाळा निवडायला बोर्डाची मीटिंग बसते. पोराला उजवी चप्पल कोणती हे अजून कळत नसतं. पण त्यानं सीबीएसई करून कोट्याच्या क्लासला जावं की आयबी हे आंतरराष्ट्रीय बोर्ड करून परदेशी, यावर मामा आणि आत्याची जुंपलेली असते. माझं म्हणणं एवढंच, की बोर्ड सगळ्यात शेवटी ठरवा. बोर्डाबोर्डातला फरक जाणवू लागतो आठवी-नववीच्या सुमारास. बसमधली उलटी पहिल्याच सोमवारी होते.

तेव्हा आधी अंतर, तेही किलोमीटरमध्ये नव्हे, मिनिटांत. सकाळी पावणेसातला, शक्यतो पावसात, स्वतः जाऊन बघा. आणि लक्षात ठेवा, बस तुमच्यासारखी सरळ जात नाही. ती वाटेतल्या प्रत्येक सोसायटीला प्रदक्षिणा घालते. बसवाल्या काकांना विचारायचं, 'आमचा स्टॉप कितवा? आणि परतीचा मार्ग हाच की उलटा?' पहिला स्टॉप असेल आणि मार्ग उलटा असेल, तर मूल सगळ्यांआधी चढणार आणि सगळ्यांनंतर उतरणार. एका बाजूला पाऊण तासाच्या वर जात असेल, तर शाळा कितीही नावाजलेली असो, काट मारा.

मग वय. राज्याच्या नियमानं त्या वर्षाच्या 31 डिसेंबरला 3 पूर्ण होत असतील तर नर्सरी, 6 होत असतील तर पहिली. केंद्रीय विद्यालयाला पहिलीसाठी 31 मार्चलाच 6 पूर्ण लागतात. म्हणजे ऑगस्ट 2020 चं मूल जून 2026 ला राज्याच्या हिशेबानं पहिलीत बसतं, आणि केंद्राच्या हिशेबानं ते अजून वर्षभर लहान असतं. घाईवाले आजोबा इथे 'पोरगं हुशार आहे हो!' म्हणतात. संगणक ऐकत नाही.

पुढची पायरी म्हणजे फाटकावरची पाटी. 'इंटरनॅशनल' लिहायला रंगाचा डबा पुरतो. 'सीबीएसई पॅटर्न' हा तर खास आपला शोध. पॅटर्न स्वेटरचा असतो, मान्यतेचा नसतो. ऑफिसात दोन क्रमांक मागा: महाराष्ट्रात 27 नं सुरू होणारा 11 आकडी यू-डायस, म्हणजे शाळेचा सरकारी ओळख क्रमांक, आणि सीबीएसईचा संलग्नता क्रमांक. दुसरा बोर्डाच्या 'सरस' पोर्टलवर ताडून बघा, आणि मान्यता कितवीपर्यंत आहे तेही वाचा. 'प्रोसेसमध्ये आहे' असं गोड उत्तर आलं, तर नववीत बोर्डाकडे नोंदणी करायची वेळ आली की तुमचं मूलही प्रोसेसमध्ये जाईल.

आता फी. सगळे चालू वर्षाची विचारतात. तुम्ही 13 वर्षांची मांडा. नर्सरी 60,000 आणि दरवर्षी सरासरी 10 टक्के वाढ धरली, तर दहावीचं वर्ष 1 लाख 88 हजारांचं होतं आणि एकूण बेरीज जाते 14 लाख 70 हजारांवर. यात बस, गणवेश, वह्या आणि स्नेहसंमेलनातला मोराचा ड्रेस नाही. राज्याच्या 2011 च्या फी नियमन कायद्यानं फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावी लागते, आणि एकदा ठरली की दोन वर्षं टिकते. त्या समितीवरचे पालक सोडतीनं निवडतात. सोडतीला नाव द्यायला कुणी नसतं. व्हॉट्सॲपवर संतापायला मात्र अख्खी तुकडी हजर.

मुलाखतीचं प्रकरण सगळ्यात मजेदार. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 13 नं प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावायला बंदी आहे. पहिल्या वेळी 25 हजार, पुढे प्रत्येक वेळी 50 हजारांपर्यंत दंड. पण कायदा 6 ते 14 वयासाठी, त्यामुळे नर्सरीवाले तिथेच बोट ठेवतात आणि मुलाखतीला 'इंटरॅक्शन' म्हणतात. त्यात मूल खुर्चीखाली जातं, आई 'बेटा, व्हॉट कलर इज धिस?' असं जन्मात पहिल्यांदाच विचारते, आणि बाबा 'आमचं व्हिजन' सांगतात. त्यापेक्षा उलट प्रश्न आपण विचारावेत. वर्गात मुलं किती? प्राथमिकला कायद्याचा हिशेब 30 मुलांमागे एक शिक्षक असा आहे. गेल्या वर्षीच्या बाई अजून आहेत का? आणि स्मार्ट बोर्ड बघून झाला की धाकट्यांच्या स्वच्छतागृहातला नळ उघडून बघा. शाळा सुटताना फाटकाशी दहा मिनिटं उभं राहिलात, तर माहितीपुस्तकाची गरजच उरत नाही.

माध्यमाबद्दल माझा कल उघड आहे. घरात मराठी असेल तर चांगली सेमी इंग्रजी शाळा, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीत आणि बाकीचं मराठीत. अभ्यास घेताना आजीही कामाला येते. मराठी विषय तर 2020 च्या कायद्यानं सगळ्याच बोर्डांना लावलाय, त्यामुळे 'आमच्याकडे मराठीचं टेन्शन नाही' म्हणणाऱ्या शाळेला तो कायदा दाखवा.

फॉर्म भरताना जन्मदाखला समोर ठेवा. शाळेच्या जनरल रजिस्टरात, म्हणजे मुलांच्या नोंदवहीत, गेलेलं नावच पुढे दहावीच्या प्रमाणपत्रावर उतरतं. अंकशास्त्रवाल्या काकूंनी सुचवलेला जादा 'ए' घालायचा असेल, तर आधी महापालिकेत जाऊन दाखल्यात घाला. आणि वडिलांच्या नावाच्या रकान्यात 'बंड्या' लिहू नका, सगळी आळी त्यांना त्याच नावानं ओळखत असली तरी.