गटातल्या बायका खुर्च्या भरायला नाहीत

आज सकाळी आमच्या ग्रामसंघाच्या, म्हणजे गावातल्या महिला बचत गटांच्या संघाच्या, ग्रुपवर मेसेज आला. उद्या तालुक्याला कार्यक्रम आहे, प्रत्येक गटातून किमान पाच महिला हव्यात, साडी गुलाबी, गाडी आठ वाजता चौकात. खाली आणखी एक ओळ: जे गट येणार नाहीत त्यांच्या कर्जप्रकरणाचा विचार नंतर केला जाईल.

ती ओळ वाचल्यापासून डोकं तापलंय. कापूस वेचणी चालू आहे, किलोवर मजुरी मिळते. उद्याचा दिवस बुडाला तर तो कोण भरून देणार?

ग्रामसंघ काढला कशासाठी होता, ते विसरलो का आपण? एकट्या गटाला बँकेत कुणी उभं करत नव्हतं. उमेद म्हणजे राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान. त्याच्या वर्धिनी, म्हणजे दुसऱ्या गावांतल्या गटांच्या अनुभवी बायका, आल्या, गावात मुक्काम केला आणि घरोघरी फिरून गट चालवायची पंचसूत्री समजावली. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, लेखे. मग गटांनीच आपापले प्रतिनिधी पाठवून ग्रामसंघ उभा केला, त्याच्यावर अनेक ग्रामसंघांचा मिळून प्रभागसंघ आला. नव्या गटाची वही चुकली तर बसवून शिकवायचं, फाईल बँकेत अडली तर चौघींनी मिळून जायचं, कुणाला कशासाठी पैसे हवेत ते बघून उमेदकडून आलेला समुदाय गुंतवणूक निधी गटांना कर्जाऊ द्यायचा. एवढ्यासाठीच ना?

आमच्या गटातल्या एका वहिनींच्या नवऱ्याला फवारणी करताना विषबाधा झाली होती. उसने पैसे घेऊन रात्रीच त्यांना जिल्ह्याला नेलं. इकडे ग्रामसंघाच्या बायका अंगणवाडीच्या ओट्यावर जमल्या. लाईट गेली होती. एकीने मोबाईलचा टॉर्च धरला, सचिवताईंनी ठराव लिहिला, सगळ्यांनी सह्या-अंगठे केले. बँक उघडली तशी अडीअडचणीसाठी असलेल्या जोखीम प्रवणता निधीतली रक्कम काढून दवाखान्यात पोचवली. "मागच्या कार्यक्रमाला आली होतीस का?" असं वहिनींना कुणीही विचारलं नाही. माणूस वाचला. पुढे शेळ्या विकून त्यांनी हप्ते फेडले, एकही चुकवला नाही.

मी ग्रामसंघ म्हणते तो हा.

आणि आज त्याच वहिनींचं नाव उद्याच्या यादीत आहे, न विचारता घातलेलं.

सरकारचा निधी येतो म्हणजे सरकारी कार्यक्रमही होणार, हे कळतं मला. मुंबईला महालक्ष्मी सरस या गटांच्या मालाच्या प्रदर्शनात स्टॉल लावणं एकट्या गटाच्या आवाक्यातलं नाही, तेही मान्य. पण कर्ज हा आमच्या बचतीचा आणि परतफेडीचा हक्क आहे. कार्यक्रमाला आलात तर फाईल पुढे, नाही तर मागे, ही दमदाटी झाली. सावकार तरी वेगळं काय करत होता?

अध्यक्षताईंवर माझा राग नाही. त्यांना वरून आकडा येतो, गाडी रिकामी गेली तर बोलणी त्यांनाच बसतात. त्या रात्री टॉर्च धरणाऱ्या त्याच होत्या, म्हणून तर जास्त लागतं. ताई, तुम्ही वर सांगा ना, की वेचणीच्या दिवसांत बायका येणार नाहीत. आम्ही सगळ्या तुमच्या मागे उभ्या राहू.

माविम, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळ, हेही बचत गटांचं काम करतं. गटांना मदत करणारी त्यांची लोकसंचालित साधन केंद्रं गटांकडून सेवा शुल्क घेतात. तिथेही सगळं गोड आहे असं नाही. पण पैसे देणारी बाई निदान विचारू शकते, मला सेवा काय मिळाली? आपल्याकडे हा प्रश्न विचारला की "तुम्ही विरोधात आहात का?" असं ऐकावं लागतं. मी विरोधात असते तर इतकी वर्षं दर बैठकीला वही घेऊन बसले नसते.

पुढच्या मासिक बैठकीत पहिला विषय एकच घ्या. कोणत्या गटाची फाईल कोणत्या बँकेत कधीपासून पडून आहे, हे वाचून दाखवा. त्यानंतर जोखीम निधीत किती शिल्लक आहे तेही सांगा. आणि कुठल्याही कार्यक्रमाला जाणं-न जाणं कर्जप्रकरणाला जोडायचं नाही, असा ठराव लिहा. सूचक म्हणून माझं नाव घाला, अनुमोदन द्यायला वहिनी तयार आहेत.