तलवार आली, याद्या तिथंच राहिल्या

ऑगस्ट 2025 मध्ये नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावातून सोडवून मुंबईत नेली. 47 लाख 15 हजार रुपये मोजले आणि विमानतळापासून वाजतगाजत तिचं स्वागत झालं. त्याच्या वर्षभर आधी, जुलै 2024 मध्ये, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं तीन वर्षांच्या बोलीवर साताऱ्याला गेली होती. दोन्ही वेळा आम्हा लंडनकर मराठी मंडळींच्या फोनला उसंत नव्हती. गावाकडच्या प्रत्येकाला एकच विचारायचं होतं, आता पुढचं काय आणताय?

तलवार आली याचा मलाही आनंद आहे. पण ह्याच शहरात, सेंट पँक्रस स्टेशनाला लागून, लाल विटांची एक भलीमोठी इमारत आहे. तिच्यात आपल्या इतिहासाचा केवढा तरी ऐवज पडून आहे आणि त्याबद्दल मला आजवर एकही फोन आलेला नाही. ब्रिटिश लायब्ररीत साडेसतरा कोटींच्या आसपास वस्तू आहेत. पुस्तकं, नकाशे, वर्तमानपत्रं, पोस्टाची तिकिटं, ध्वनिमुद्रणं, सगळं त्यात आलं. ईस्ट इंडिया कंपनी आणि नंतरचं इंडिया ऑफिस (लंडनहून भारताचा कारभार पाहणारं सरकारी खातं) यांची दप्तरं 1982 साली तिच्या ताब्यात आली. ती एका ओळीत मांडली तर चौदा किलोमीटर भरतात म्हणे. वाचनालयाचा पास फुकट मिळतो, आणि हातात भारताचा पासपोर्ट असला म्हणून कोणी अडवत नाही.

इथली मराठी पुस्तकं आली कशी, हे तिकडच्या वादांत सहसा कोणी विचारत नाही. 'लुटून नेली' म्हटलं की विषय संपतो. काही हस्तलिखितं युद्धांच्या धामधुमीतून आली असतील, काही साहेबांनी विकत घेतली असतील. पण छापील मराठी पुस्तकांची कथा वेगळी आहे. 1857 च्या उठावानं हादरलेल्या सरकारनं 1867 मध्ये छापखाने आणि पुस्तकं यांच्या नोंदणीचा कायदा केला. कोण काय छापतंय यावर डोळा ठेवणं हा त्यामागचा उघड हेतू. मुंबई इलाख्यात छापलेलं प्रत्येक पुस्तक सरकारदरबारी दाखल व्हायचं आणि दर तीन महिन्यांनी त्याची यादी निघायची: नाव, लेखक, छापखाना, पानं, किंमत, किती प्रती काढल्या. त्या याद्या बोटीनं लंडनला यायच्या. इथले ग्रंथपाल त्यावर खुणा करून हवी ती पुस्तकं मागवायचे. व्हर्नाक्युलर, म्हणजे देशी भाषेतली, म्हणून ज्यांना नाक मुरडलं जायचं ती कीर्तनाची, पाकक्रियेची, वैद्यकाची, तमाशाच्या लावण्यांची चोपडीसुद्धा त्या यादीत रीतसर नोंदली जायची.

हेरगिरीसाठी केलेल्या कायद्यानं एका भाषेचा जमाखर्च लिहून ठेवला. जेम्स फुलर ब्लूमहार्टनं 1892 मध्ये ब्रिटिश म्युझियममधल्या (आजच्या ब्रिटिश लायब्ररीची पुस्तकं तेव्हा तिथं होती) मराठी आणि गुजराती छापील पुस्तकांची सूची केली. इंडिया ऑफिसमधल्या मराठी हस्तलिखितांची त्याची सूची सदाशिव गोविंद कान्हेरे यांच्या हातून पुरी होऊन 1950 मध्ये ऑक्सफर्डला छापली गेली. जप्त झालेल्या पुस्तकांची गंमत तर आणखीच. भारत सरकार ज्यांच्यावर बंदी घालत होतं त्यांच्या प्रती लंडनला येऊन नीट जपल्या गेल्या. आज त्या बंदी साहित्याचा स्वतंत्र संग्रह आहे आणि त्याची सूचीही छापलेली आहे. सावरकरांनी 1857 वरच्या ग्रंथासाठी इंडिया ऑफिसच्याच ग्रंथालयात बसून सरकारचीच दप्तरं उलटली, आणि 1909 मध्ये त्या पुस्तकावर छापून हातात पडायच्या आतच बंदी आली. बाबासाहेब 1920 नंतर चॉक फार्मच्या खोलीतून रोज ब्रिटिश म्युझियमच्या वाचनकक्षात येऊन बसत. त्यांचं ते राहतं घर महाराष्ट्र सरकारनं 2015 मध्ये विकत घेतलं, स्मारक केलं, छान केलं. पण पुस्तकांसाठी ज्यांनी दादरला राजगृह बांधलं त्यांचं स्मारक म्हणून एखादं चालतं-बोलतं ग्रंथालय उभं करावं, हे तेव्हाही फारसं कोणाच्या बोलण्यात आलं नाही.

आता घरची गोष्ट. तो 1867 चा कायदा स्वतंत्र भारतातही चालूच होता. 2023 मध्ये संसदेनं तो रद्द करून नियतकालिकांच्या नोंदणीचा नवा कायदा केला. 1 मार्च 2024 पासून तो लागू झाला आणि त्यातून पुस्तकं साफ वगळली. वसाहतीचं जोखड गेलं, बरं झालं, असं वाटावं. वाटतंही. पण त्या जोखडाबरोबर पुस्तक नोंदवण्याची दीडशे वर्षांची सवयही कायद्यातून गेली, आणि यावर मराठीत मी तरी दोन बऱ्या लेखांपलीकडे काही वाचलं नाही. त्याच वर्षी, 3 ऑक्टोबर 2024 ला, मराठीला अभिजात दर्जा मिळाला आणि पेढे वाटले गेले. मार्चमध्ये वही बंद झाली, ऑक्टोबरमध्ये सत्कार झाला.

उरला 1954 चा कायदा. त्याप्रमाणे प्रकाशकानं पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांत स्वखर्चानं चार ठिकाणी प्रत पाठवायची: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमारा, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि मुंबईच्या टाउन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालय. नाही पाठवली तर दंड पन्नास रुपयांपर्यंत, वर पुस्तकाची किंमत. पन्नास रुपये! पुण्यात अप्पा बळवंत चौकात गाडी लावायची चूक केली तर यापेक्षा जास्त जातात. एका मराठी प्रकाशकाला मी सहज विचारलं की तुम्ही प्रती पाठवता का. ते हसून म्हणाले, "पाठवायच्या असतात हे ठाऊक आहे, ताई. पोस्टाचा खर्च कोण देतो? आणि पाठवलं तर तिथं खोकं उघडतंय कोण?" त्यांचा दुसरा प्रश्न मला जास्त खरा वाटला.

इकडे हीच सक्ती आहे, फक्त ती पाळली जाते. ब्रिटनमध्ये पुस्तक निघालं की महिन्याच्या आत एक प्रत ब्रिटिश लायब्ररीला द्यावीच लागते. ऑक्सफर्ड, केंब्रिज, स्कॉटलंड, वेल्स आणि डब्लिन इथली पाच ग्रंथालयं आपापली प्रत मागून घेतात. 2013 पासून वेबसाइट आणि ई-पुस्तकंही त्यात धरली आहेत. माझ्या शेजारणीनं आपल्या चर्चच्या शतकपूर्तीची सोळा पानी पुस्तिका काढली. तिचीही प्रत गेली आणि तिला पोचही आली. त्या पोचेचा तिला जो अभिमान, तो आपल्याकडे पुरस्काराचा असतो.

इथल्या सार्वजनिक ग्रंथालयांतून पुस्तक वाचायला नेलं की लेखकाच्या खात्यात काही पेन्स जमा होतात. 1979 च्या कायद्यानं तो हक्क दिला आणि आता त्याचा हिशेब ब्रिटिश लायब्ररीच ठेवते. मराठी लेखकाला हे सांगितलं की तो आधी हसतो, मग गप्प होतो.

पण इथं सगळं आलबेल आहे असं म्हटलं तर इथला शिपाईसुद्धा मला वेड्यात काढील. ऑक्टोबर 2023 मध्ये रायसिडा नावाच्या टोळीनं ब्रिटिश लायब्ररीची संगणकयंत्रणा फोडली. खंडणीला नकार मिळाल्यावर सुमारे सहाशे गिगाबाइट माहिती, त्यात कर्मचाऱ्यांची खाजगी माहितीही, त्यांनी उघड्यावर टाकली. शोधसूची जानेवारी 2024 पर्यंत बंद होती. पुस्तक कपाटात आहे, पण कुठल्या कपाटात ते सांगणारं यंत्र मेलेलं, अशी अवस्था. संशोधकांचे प्रबंध अडले, वेबसाइट जतन करण्याचं काम थांबलं, दोन वर्षं उलटली तरी सगळं पूर्ववत झालं नव्हतं. 2025 च्या शरदात तिथले कर्मचारी पगारासाठी संपावर गेले. हल्ल्यानंतर वाचकांचा राग त्यांनीच झेलला होता, आणि त्यांतल्या कित्येकांना लंडनचं भाडं परवडत नाही.

तरी एका गोष्टीसाठी मी त्यांना मानते. मार्च 2024 मध्ये लायब्ररीनं आपल्याच चुकांचा अहवाल जाहीर केला. जुनाट यंत्रणा वर्षानुवर्षं तशाच ठेवल्या, बाहेरच्या कंत्राटदारांसाठी ठेवलेल्या एका वाटेवर दुहेरी पडताळणी नव्हती, चोर बहुधा तिथूनच शिरला, हे सगळं स्वतःच्या नावानिशी लिहिलं. आपल्याकडे एखाद्या नामवंत संस्थेत वाळवी लागली, छत गळालं, निवडणुकीवरून कोर्टबाजी झाली की आधी पत्रक निघतं: सर्व काही सुरळीत आहे. जानेवारी 2004 मध्ये भांडारकर संस्थेवर हल्ला झाला तेव्हा निदान शत्रू डोळ्यांना दिसत होता. ओल आणि अनुदानाचा उशीर दिसत नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर मोर्चा निघत नाही.

अनुदान म्हणजे महाराष्ट्राचा 1967 चा ग्रंथालय कायदा आला. त्यानं गावोगावी वाचनालयं उभी राहिली आणि अ, ब, क, ड असे वर्ग पडले. मात्र तमिळनाडू-कर्नाटकासारखा ग्रंथालय उपकर आपण लावला नाही. मग सगळं शासनाच्या हप्त्यावर. माझ्या मावसभावाच्या गावचे ग्रंथपाल सकाळी वाचनालय उघडतात आणि दुपारी पतसंस्थेची वसुली करतात, कारण वाचनालयाच्या पगारात घर चालत नाही. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चं. त्या काळी वर्गणी काढून लोकांनी हे केलं, आणि आज आपण ठरावावर ठराव करतो.

परदेशात बसून शहाणपण शिकवणं सोपं असतं, हा टोमणा मला ओळखीचा आहे. तो खराही आहे. इथली समृद्धी कुठून आली हे मला माहीत आहे आणि चौदा किलोमीटरची दप्तरं ही काही दानधर्मानं जमलेली नाहीत. म्हणून मूळ कागद परत मागायला माझा विरोध नाही. फक्त ती मागणी पन्नास वर्षं चालेल आणि तोवर कागद कोणी वाचायचे, एवढंच विचारते.

कतारनं काय केलं बघा. आखाताचा कारभार एके काळी मुंबई सरकारच्या हाताखाली चालायचा, त्यामुळे त्यांचा इतिहास इंडिया ऑफिसच्या दप्तरांत, मुंबईच्या पत्रव्यवहारात अडकलेला. त्यांनी कागद परत मागत बसण्याऐवजी ब्रिटिश लायब्ररीशी करार केला, पैसे टाकले, आणि 2014 पासून ती पानं इंग्रजी-अरबी वर्णनांसह जगात कोणालाही घरबसल्या फुकट वाचता येतात. मुंबई इलाख्याची कितीतरी पत्रं आज आपल्याला कतारच्या कृपेनं दिसतात! बंगालीचंही तसंच. जुन्या भारतीय छापील पुस्तकांचा डिजिटल प्रकल्प 2016 मध्ये सुरू झाला तेव्हा पहिला मान बंगालीला मिळाला, कारण जादवपूर विद्यापीठ त्यात भागीदार म्हणून उभं राहिलं. मराठीसाठी असं कोणतं विद्यापीठ उभं राहणार? अभिजात दर्जाच्या निधीचं काय करायचं यावर समित्या बसल्या असतील, तर त्यांच्या पुढ्यात हा एक कागद ठेवा: ब्लूमहार्टच्या सूचीतली पुस्तकं, त्यांतली महाराष्ट्रात एकही प्रत नसलेली कोणती ते शोधणं, आणि आधी तेवढीच स्कॅन करून घेणं. त्याला मिरवणूक लागत नाही, मात्र दोन सूची शेजारी ठेवून ताडून बघणारी चार माणसं लागतात, आणि त्यांना पगार द्यावा लागतो.

आणि पन्नास रुपयांचा दंड वाढवा, हेही त्यात लिहा. दंड वाढवण्याआधी टाउन हॉलमध्ये खोकी उघडायला माणसं नेमा, नाही तर प्रकाशक बरोबरच म्हणतात.

इकडे शिकायला येणाऱ्या मुलामुलींसाठी एवढंच. पासपोर्ट आणि इथल्या पत्त्याचा पुरावा घेऊन जा, पास मिळतो. आधी ऑनलाइन नोंदणी करा. बॅगा, पेन, पाण्याची बाटली लॉकरमध्ये ठेवा आणि पेन्सिल बरोबर न्या. भारताची दप्तरं तिसऱ्या मजल्यावर, आशिया-आफ्रिका विभागाच्या वाचनकक्षात मिळतात. काही पुस्तकं यॉर्कशरच्या बॉस्टन स्पाच्या गोदामातून येतात, ती दोन दिवस आधी मागवावी लागतात. धंदा करायचा असेल तर तिथल्याच बिझनेस अँड आयपी (बौद्धिक संपदा) सेंटरमध्ये बाजाराचे महागडे अहवाल फुकट वाचायला मिळतात. हॅरोची माझी एक ओळखीची बाई गोडा मसाल्याच्या ब्रँडचं नाव कोणी आधीच घेतलंय का हे तिथं जाऊन बघून आली. घेतलेलं होतं, एका गुजराती कंपनीनं.