सोमवारी राजीनामा, शनिवारपासून हॅकर

चाकणच्या कारखान्यात बारा वर्षं मेंटेनन्स सांभाळून तुम्हाला वीट आलाय आणि आता सायबर सिक्युरिटीत शिरायचंय, तर पहिलं काम राजीनाम्याचं. नोकरी सांभाळून रोज रात्री दोन तास अभ्यास करायचा, सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढायचा, ही भित्र्यांची रीत. त्यानंतर काळी हूडी घ्या. एप्रिलमधल्या पुण्यातही ती अंगावरून उतरता कामा नये, कारण टोपी कपाळापर्यंत ओढल्याशिवाय टर्मिनलवर हिरवी अक्षरं उमटत नाहीत म्हणतात.

मग क्लास. लक्ष्मी रोडवर एक साडी घ्यायला सात दुकानं पालथी घालणारे आपण, इथे मात्र पहिल्या डेमोलाच पूर्ण फी भरून मोकळं व्हायचं. ‘प्लेसमेंट’ आणि ‘प्लेसमेंट असिस्टन्स’ यांतला फरक पावतीच्या मागे बारीक अक्षरांत छापलेला असतो, म्हणून पावती उलटू नका. सर्टिफिकेट सीईएचचंच, म्हणजे ‘सर्टिफाइड एथिकल हॅकर’चंच घ्या. १२५ बहुपर्यायी प्रश्न, चार तास, पाठांतर चांगलं असलं की झालं. ओएससीपी या प्रात्यक्षिक परीक्षेच्या वाटेला जाऊ नका. तिथे २३ तास ४५ मिनिटं खरोखरची मशीन्स फोडायची आणि पुढच्या चोवीस तासांत रिपोर्ट लिहून द्यायचा. पुराव्याचा स्क्रीनशॉट नीट नसेल तर फोडलेल्या मशीनचेही गुण जातात. सीडॅक या सरकारी संस्थेचा सहा महिन्यांचा पूर्णवेळ डिप्लोमा आहे खरा, पण त्याला प्रवेश परीक्षा असते. परीक्षा म्हटलं की ती वाट आपली नव्हे.

लॅपटॉपवरचं विंडोज पुसून थेट काली लिनक्स, म्हणजे हॅकिंगची टूल्स आधीच भरलेली सिस्टिम, टाका. व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या आत दुसरा आभासी संगणक चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, चार जीबी रॅम देऊन काली बसवायची, आधी स्नॅपशॉट, म्हणजे आहे त्या स्थितीची प्रत, घ्यायचा, काही बिघडलं की दोन मिनिटांत होतं तसं करायचं, असल्या सोयीत कसला आलाय थरार? वडिलांच्या पेन्शनचे कागद आणि मुलीच्या बारशाचे फोटो त्याच डिस्कवर होते हे संध्याकाळी आठवेल. नव्या सिस्टिमला वायफायचा ड्रायव्हर सापडत नाही हे त्याच्याही आधी कळेल.

एवढं सांगूनही व्हर्च्युअलबॉक्सच वापरणार असाल, तर सरावासाठी मेटास्प्लॉइटेबल २ उतरवा. हे मुद्दाम भोकं ठेवून बनवलेलं मशीन आहे, म्हणून त्याचं नेटवर्क होस्ट-ओन्ली, म्हणजे फक्त तुमच्या लॅपटॉपपुरतं, ठेवायचं असतं. तुम्ही ब्रिज्ड ठेवा, म्हणजे घरच्या राउटरवरच्या प्रत्येकाला तुमच्या सरावाचा लाभ होईल. त्याच्या पोर्ट २१ वर, म्हणजे नेटवर्कच्या २१ नंबरच्या दारावर, व्हीएसएफटीपीडी २.३.४ हा फाइलींच्या देवाणघेवाणीचा सर्व्हर चालू असतो. २०११ मध्ये या आवृत्तीच्या डाउनलोडमध्येच कुणीतरी चोरदरवाजा घुसवून ठेवला होता. युजरनेमच्या शेवटी कोलन आणि बंद होणारा कंस, म्हणजे हसरा चेहरा, टाकला की पोर्ट ६२०० वर रूटचं शेल, म्हणजे मशीनचा पूर्ण ताबा देणारी खिडकी, उघडतं. मेटास्प्लॉइट या तयार हल्ल्यांच्या टूलमध्ये हेच काम तीन-चार ओळींत होतं. ते का झालं, हे विचारायचं नाही. स्क्रीनशॉट काढायचा आणि लिंक्डइनवर ‘सायबर योद्धा’ अशी पदवी स्वतःला बहाल करायची.

पुढच्या मशीनवर मात्र ‘एक्स्प्लॉइट पूर्ण झालं, पण सेशन तयार झालं नाही’ अशा अर्थाची ओळ येईल. बहुतेक वेळा घोळ एवढाच असतो की काली नॅटवर, म्हणजे व्हर्च्युअलबॉक्सच्या वेगळ्या आतल्या जाळ्यात आहे, तिचा पत्ता १०.०.२.१५ आहे, टार्गेट १९२.१६८.५६ च्या जाळ्यात बसलंय आणि एलहोस्टमध्ये, म्हणजे टार्गेटने उलट कुठे जोडायचं त्या रकान्यात, तुम्ही पहिलाच पत्ता भरलाय. टार्गेट बिचारं उलट फोन लावतंय, पण नंबरच चुकीचा दिलाय. सबनेट म्हणजे काय, कुठला पत्ता कुठल्या जाळ्यातला, हे शिकायला दोन संध्याकाळी पुरतात. त्यात वेळ घालवू नका, दुसरं टूल उतरवा. कालीत शेकड्यांनी आहेत.

आता खरी मर्दुमकी. समोरच्या फ्लॅटमधल्या काकांचं वायफाय. व्हर्च्युअलबॉक्समधल्या कालीला लॅपटॉपचं वायफाय कार्ड साध्या केबलच्या नेटवर्कसारखं दिसतं, त्यामुळे आसपासचा सगळा वायफाय संवाद ऐकण्याचा मॉनिटर मोड चालणारा वेगळा यूएसबी अडॅप्टर लागतो. तो आणा. पासवर्ड एकेक लावून बघायला रॉकयू ही १ कोटी ४३ लाख पासवर्डची यादी कालीत आयतीच असते. २००९ मध्ये त्या नावाच्या कंपनीचे पासवर्ड जसेच्या तसे फुटले, त्यातून ती बनली. परवानगी मात्र मागू नका. व्यवसायात कुठला आयपी, कुठल्या तारखा, किती वाजेपर्यंत, काही पडलं तर कुणाला फोन करायचा, हे सगळं सहीनिशी कागदावर घेतात. काकांकडे सही मागायला गेलात तर दुपारी एक ते चारमध्ये ते दारही उघडायचे नाहीत. आयटी कायदा २००० च्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, पण ‘मी शिकत होतो’ हे ऐकून पोलीस चहा मागवतील अशी आशा ठेवायला काय हरकत आहे?

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे मागची बारा वर्षं विसरा. पूर्णपणे. कारखान्यातली यंत्रं एकमेकांशी ज्यातून बोलतात तो मॉडबस हा प्रोटोकॉल १९७९ चा, त्याला ना युजरनेम ना पासवर्ड, पोर्ट ५०२ पर्यंत पोचलेला कुणीही पीएलसीच्या, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरच्या, रजिस्टरमध्ये हवा तो आकडा लिहू शकतो, हे तुम्हाला ठाऊक असेल तर तोंड बंद ठेवा. ऑफिसच्या नेटवर्कवर बिनघोर चालतं तसं स्कॅन लाइनवर सोडलं तर जुना पीएलसी गोठतो, कारण एकदम आलेली शेकडो कनेक्शन्स झेलण्यासाठी तो बनवलेलाच नाही. म्हणून तिथे स्विचचा मिरर पोर्ट, जिथे सगळ्या वाहतुकीची प्रत मिळते, घेऊन आधी नुसतं ऐकायचं आणि स्कॅन करायचंच तर शटडाउनच्या दिवशी. तो दिवस कधी असतो, कुठली लाइन पाच मिनिटंही थांबवता येत नाही, एएमसीवाल्याने ‘लांबूनच बघतो साहेब’ म्हणत कुठल्या पॅनेलमध्ये मोडेम चालू सोडलाय, एचएमआय, म्हणजे ऑपरेटरची स्क्रीन, अजून विंडोज ७ वर का आहे, हे वर्गातल्या बावीस वर्षांच्या मुलाला ठाऊक नसतं. तुम्हाला असतं. या कामाला ओटी (ऑपरेशनल टेक्नॉलॉजी) सिक्युरिटी म्हणतात, त्याला आयईसी ६२४४३ नावाची मानकांची मालिका आहे, आणि चाकण, भोसरी, रांजणगाव तुमच्या पायाखालचे रस्ते आहेत. तेव्हा रेझ्युमेतून ही बारा वर्षं काढून टाका आणि ‘फ्रेशर, एथिकल हॅकिंगची आवड’ असं लिहा. म्हणजे त्याच बावीस वर्षांच्या मुलाशी त्याच्याच मैदानात, त्याच्याच पगारावर झुंजता येईल.

सॉकची, म्हणजे हल्ल्यांवर चोवीस तास पाळत ठेवणाऱ्या केंद्राची, नोकरी चालून आली तर नाकारा. पाळ्यांचं काम, त्यात लॉग वाचायचे. विंडोजच्या लॉगमध्ये ४६२५ नंबरच्या नोंदी, म्हणजे फसलेले लॉगिन, दोनशे आणि त्यामागून त्याच खात्यावर एकच ४६२४, म्हणजे ठोठावणारा आत आला, हे रात्री तीन वाजता ओळखायचं. घटना कळल्यापासून सहा तासांत सर्ट-इन या सरकारी सायबर संस्थेला कळवायचं असतं, हा २०२२ चा नियम तर निव्वळ झोपेचा शत्रू. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ११ ऑगस्ट २०१८ ला हल्ला झाला, तो शनिवार होता. एटीएमच्या व्यवहारांना परस्पर खोटी मंजुरी मिळत गेली, २८ देशांतल्या यंत्रांतून नोटा निघाल्या आणि सोमवारच्या स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय बँक-जाळ्यातल्या व्यवहारासह आकडा ९४ कोटींवर गेला. असली कामं करणारी मंडळी शनिवार-रविवार सुट्टी घेत नाहीत. तुम्ही घ्या.

रिपोर्टचं फार मनावर घेऊ नका. स्कॅनरने ओकलेली तीनशे पानं लोगो बदलून पाठवली की झालं. कुठली त्रुटी खरी, कुठली खोटी, दुरुस्त कशी करायची, हे ग्राहकच शोधेल, पैसे त्यानेच भरलेत ना?

आणि खराडीला मुलाखतीला बसाल तेव्हा समोरची बाई हूडीकडे ढुंकूनही न बघता विचारेल, ‘ब्राउझरमध्ये पत्ता टाकून एंटर दाबलं की काय काय होतं?’ तिला नावावरून आयपी पत्ता शोधणाऱ्या डीएनएसची पोर्ट ५३ वरची विचारणा हवी असते, मग कनेक्शन जोडणारं टीसीपीचं तीन पायऱ्यांचं हस्तांदोलन, मग ४४३ वर सर्टिफिकेटची तपासणी, आणि त्यानंतर कुठे पानासाठी एचटीटीपीची विनंती. तुम्ही खुर्चीत मागे रेला, टोपी जरा पुढे ओढा आणि सांगा, ‘पान उघडतं.’