हायगेन्सची निम्मी छायाचित्रे हरवली, पण अँटेना बिघडल्यामुळे नाही
शनीच्या टायटन या चंद्रावर उतरलेल्या हायगेन्स यानाची निम्मी छायाचित्रे अँटेना बिघडल्यामुळे गेली, असे लेखात म्हटले आहे; त्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे. अँटेना शाबूत होती. पहिला दोष २००० साली, प्रवासातल्या चाचणीत सापडला: हायगेन्सचे संदेश पृथ्वीकडे पोहोचवणाऱ्या कॅसिनी या मुख्य यानावरचा रिसीव्हर डॉप्लर परिणामामुळे (सापेक्ष वेगाने वारंवारता बदलल्यामुळे) सरकलेली वाहक लहर (माहिती वाहणारी मूळ रेडिओ लहर) पकडत होता, पण त्याच कारणाने बिट्सचा वेगही किंचित बदलतो आणि तो बदल त्याच्या पट्ट्यात मावत नव्हता. रिसीव्हरचे फर्मवेअर (त्यात कायमची बसवलेली आज्ञावली) दुरून बदलता येणारे नव्हते. मग कक्षाच बदलली. कॅसिनी टायटनपासून सुमारे ६०,००० कि.मी.वरून, दृष्टिरेषेला बऱ्यापैकी आडवी जाईल अशी आखणी झाली, म्हणजे त्या रेषेवरचा सापेक्ष वेग, आणि त्याबरोबर डॉप्लर परिणाम, घटला. (माझ्या मते मोहिमेतली सर्वांत देखणी दुरुस्ती हीच.)

छायाचित्रे गेली ती दुसऱ्याच चुकीने. हायगेन्स दोन रेडिओ वाहिन्यांवरून माहिती पाठवत होते; १४ जानेवारी २००५ ला, उतरण्याच्या दिवशी, कॅसिनीवरचा 'अ' वाहिनीचा रिसीव्हर सुरू करण्याची आज्ञाच आज्ञावलीत नव्हती. बहुतेक उपकरणांची माहिती दोन्ही वाहिन्यांवर होती. छायाचित्रे मात्र दोन्हींत वाटलेली, म्हणून सुमारे ७०० पैकी ३५० हाती लागली. टायटनवरच्या वाऱ्याच्या मापनाचा अतिस्थिर ऑसिलेटरही (अचूक वारंवारतेची लहर देणारे उपकरण) 'अ'वरच होता. तो प्रयोग वाचला, कारण ग्रीन बँक (अमेरिका) आणि पार्क्स (ऑस्ट्रेलिया) इथल्या रेडिओ दुर्बिणी ती क्षीण वाहक लहर पृथ्वीवरून थेट ऐकत होत्या.