पुढच्या ब्रेकला ‘रेसचे पॅड’ टाका म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

पुण्यातल्या रायडिंग ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. मला तो चौघांकडून आला. त्यातल्या दोघांनी तो वाचून पॅड बदललेसुद्धा, म्हणून हे लिहायला बसलो. मेसेजचं सार असं: स्पोर्ट्स बाइकला कंपनी जे पॅड (डिस्कला दोन्हीकडून दाबून चाक थांबवणारे ब्रेकचे तुकडे) देते ते निव्वळ पैसे वाचवायला, पुढे रेसचे पॅड टाका, थांबायचं अंतर अर्धं होतं. पॅडच्या पाठीवर ‘एचएच’ असेल तर डोळे झाकून घ्या. ऑरगॅनिक म्हणजे हलका माल. लिव्हर स्पंजी, म्हणजे दाबल्यावर मऊ, लागत असेल तर पॅड संपलेत. आणि डिस्कला पॉलिश पेपर मारला की नवे पॅड पहिल्या दाबापासून पूर्ण धरतात.

अंतर अर्धं होतं, हे आधी घेऊ. कोरड्या डांबरावर, बऱ्या टायरवर, नीट ब्रेक मारणारा माणूस ताशी ६० वरून साधारण १८ मीटरमध्ये थांबतो. ते ९ मीटरवर आणायचं तर बाइकला गुरुत्वाकर्षणाच्या दीडपटीहून जास्त जोराने मागे खेचावं लागेल. रस्त्यावरच्या टायरला तेवढी पकड नसते आणि त्याच्या बऱ्याच आधी मागचं चाक हवेत जातं. १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या बाइकना एप्रिल २०१९ पासून एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं आहे. आत्ताच्या पॅडवर जोरात ब्रेक मारल्यावर लिव्हरला एबीएसची धडधड लागत असेल, तर टायरची हद्द आधीच आलेली आहे. पॅड बदलून ती हद्द पुढे सरकत नाही. तिथवर पोचायला बोटांना लागणारा जोर आणि हाताला येणारा अंदाज बदलतो. त्या अंदाजाची किंमत मी कमी समजत नाही, पण अर्ध्या अंतराचं आश्वासन खोटं आहे.

रेसचे पॅड मी स्वतः वापरून पाहिलेत. गॅरेजवाल्याने ‘ट्रॅकवर हेच लावतात’ एवढंच सांगितलं, आणि ते खरंही होतं. डिसेंबरातली सकाळ, साडेसहा वाजलेले, सिंहगडाकडे निघालो होतो. धायरी फाट्याला पुढची बस एकदम थांबली. नेहमीसारखी दोन बोटांनी लिव्हर ओढली, तर लाकडावर लाकूड घासावं तसं काहीतरी झालं आणि बाइक पुढे जातच राहिली. चारही बोटं आवळली तेव्हा थांबली, बसच्या बंपरपासून वीतभर अंतरावर. त्याच दिवशी गड उतरताना त्याच पॅडनी झकास धरलं, कारण तोवर ते तापले होते. रेसचे बरेच पॅड तापल्याशिवाय नीट धरत नाहीत. ट्रॅकवर ताशी २०० वरून ८० वर येताना जितकी उष्णता तयार होते, ती ४० वरून पूर्ण थांबण्याच्या एकवीसपट असते. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये तुमचा पॅड कोमटच राहणार. पाकिटावर ‘फक्त रेससाठी’ असं छापलेलं असतं, ते खरंच वाचा.

‘एचएच’बद्दल. नाना पेठेत दुकानाच्या काउंटरवर पॅड हातात घ्या, पत्र्याची बाजू वर करा; आकड्यांच्या ओळीत दोन इंग्रजी अक्षरं सापडतील. पहिलं अक्षर कमी तापमानाच्या घर्षणाचं, दुसरं तापलेल्या घर्षणाचं. ‘एफ’ म्हणजे घर्षणांक (पकड किती, त्याचा आकडा) ०.३५ ते ०.४५, ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५, ‘एच’ म्हणजे ०.५५ च्या वर. चाचणी होते ती पॅडच्या मालाचा इंचभर चौकोनी तुकडा फिरत्या ड्रमवर घासून. म्हणजे ०.५४ वाला ‘जी’ आणि ०.५६ वाला ‘एच’ यांत तुमच्या बोटांना फरक कळणारही नाही. पावसात कसं धरेल, डिस्क किती खाईल, पहिला चावा कसा असेल, यातलं काहीच ही अक्षरं सांगत नाहीत.

ऑरगॅनिकला, म्हणजे तंतू आणि राळ एकत्र दाबून केलेल्या पॅडला, हलका माल म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. तो मऊ असतो, आवाज करत नाही, डिस्क जपतो, थंडीत लगेच धरतो. पण घाटात तापला की लवकर ढिला पडतो, लवकर झिजतो आणि ओल्या डिस्कवर उशिरा धरतो. धातूची भुकटी तापवून, दाबून केलेला सिंटर्ड पॅड पावसात आणि उष्णतेत सरस असतो. जून ते सप्टेंबर ताम्हिणीत जाणारा असाल तर रस्त्यासाठीचा सिंटर्डच घ्या, फक्त तुमची डिस्क सिंटर्डसाठी बनलेली आहे का ते मॅन्युअलमध्ये बघा. मी आता कंपनीने दिलेल्या जातीचाच पॅड घेतो आणि दोन डिस्क असल्या तर दोन्हीकडचे एकदम बदलतो.

आता स्पंजी लिव्हर. मेसेजमधली सगळ्यात घातक ओळ हीच, कारण माणूस पॅडवर पैसे घालतो आणि दुखणं तसंच राहतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. ताज्या डॉट ४ जातीच्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो. पाणी मुरल्यावर तो १५५ च्या आसपास येऊ शकतो. रायडरसकट २४० किलोची बाइक घाटात दर शंभर मीटर उंची उतरते तेव्हा जितकी ऊर्जा सुटते, तेवढ्यात ती ताशी ६० वरून सात वेळा पूर्ण थांबली असती. इंजिन ब्रेकिंग न करता, म्हणजे खालच्या गिअरमध्ये इंजिनने वेग न रोखता, उतरलात तर यातली बरीचशी कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड दाबणाऱ्या जबड्यात, उष्णता होऊन जाते. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर थेट हँडलला टेकते. फरक असा ओळखा: लिव्हर कडक आहे पण बाइक थांबत नाही, तर पॅड तापून त्याची पकड सुटलीय; लिव्हरच आत बुडतेय, तर ऑइल किंवा लाइनमधली हवा. दुसऱ्या प्रकारात पॅड बदलून काही होत नाही. ऑइल बदला, एअर काढून घ्या. मी दर दोन वर्षांनी बदलतो. जुने पॅड काढलेत तर तेही शेजारी ठेवून बघा: एक जाड, एक पातळ झिजला असेल तर पॅड ढकलणारा पिस्टन अडकतोय, आणि नवा पॅडही तसाच झिजणार.

पॉलिश पेपरने डिस्कवरचा जुना थर निघतो, एवढंच. नव्या पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा चढावा लागतो, तोच पॅड ‘बसणं’. पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर ५० वरून १० पर्यंत मध्यम दाबाने दहाएक वेळा या, मध्ये डिस्कला वारा लागू द्या, पॅड गरम असताना ब्रेक दाबून उभे राहू नका. आणि बाइक जागेवरून हलवण्याआधी लिव्हर पंप करा. नवे पॅड बसवताना पिस्टन आत ढकललेले असतात, त्यामुळे पहिल्या दोन-तीन दाबांना ब्रेक लागतच नाही.