26 दिवसांविषयी आमचे म्हणणे

सन्माननीय महोदय,

आपल्या सोसायटीसाठी आम्ही टाकलेल्या विजेच्या भूमिगत केबलच्या कामाबद्दल आपण एक तारा देऊन लिहिलेला अभिप्राय वाचला. एका रात्रीच्या कामाला 26 दिवस लावले, परवान्याच्या नावाखाली दुप्पट पैसे घेतले, सुपरवायझरने कमिटीच्या सभासदांचा अपमान केला आणि जाताना रस्त्यात खड्डा ठेवला, असे आपले चार आक्षेप आहेत. अशा कामाला ओळखीचा कोणीही माणूस लावावा, परवानेवाल्यांच्या नादी लागू नये, असा सल्लाही आपण शेवटी इतरांना दिला आहे.

खड्ड्याबाबत आपले म्हणणे बरोबर आहे आणि त्याबद्दल मी आपली मनापासून क्षमा मागतो. चर बुजवताना माती थराथराने धुमसावी लागते. खालचे थर आम्ही नीट धुमसले, पण पहाटे पाचपर्यंत रस्ता मोकळा करण्याची वाहतूक पोलिसांची अट असल्यामुळे वरचा थर घाईत उरकला गेला आणि पंधरा दिवसांत तो दोन इंच खचला. त्या जागी आपल्या वडिलांचा पाय मुरगळला, हे मला आपल्या अभिप्रायातूनच कळले. कळले त्याच संध्याकाळी माणसे पाठवून मुरूम भरून घेतला आहे. वरचे डांबरीकरण महापालिका करणार असली, तरी ते होईपर्यंत ती जागा सपाट ठेवण्याची जबाबदारी आमची होती. ती चुकली.

मात्र 26 दिवसांचा जो हिशेब आपण मांडला आहे, तो मला मान्य करता येत नाही. वीस वर्षांत माझ्या कामाला कोणी वेळकाढू म्हटलेले नाही. शिवाय आपला अभिप्राय प्रसिद्ध झाल्यापासून दोन सोसायट्यांनी ठरलेली पाहणी पुढे ढकलली आहे आणि माझ्याकडे अकरा माणसांचा पगार असतो. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपण 2 फेब्रुवारीला काम दिले. रस्ता खोदाईच्या अर्जासोबत सोसायटीचा ठराव आणि वाढीव वीजभार मंजूर झाल्याच्या पत्राची प्रत जोडावी लागते, हे मी त्याच दिवशी लेखी कळवले होते. ठरावावर सचिवांची सही राहिली होती, ती होऊन दोन्ही कागद आमच्या हाती 11 तारखेला आले. 12 तारखेला आम्ही अर्ज दाखल केला. 18 तारखेला महापालिकेच्या कनिष्ठ अभियंत्यांसह जागेची संयुक्त पाहणी झाली. 20 तारखेला रस्ता पुनर्स्थापना शुल्काचे, म्हणजे खोदलेला रस्ता पूर्ववत करण्याच्या शुल्काचे, मागणीपत्र निघाले, ते मी तासाभरात आपल्या व्हॉट्सॲपवर पाठवले. धनादेशावर दोघांच्या सह्या लागतात आणि अध्यक्ष गावी गेलेले होते, त्यामुळे रक्कम 24 तारखेला भरली गेली. 26 तारखेला खोदाईचे परवानगीपत्र आणि वाहतूक पोलिसांचे ना हरकत पत्र दोन्ही मिळाले. 27 च्या रात्री अकराला आम्ही पहिली कुदळ मारली, 28 च्या पहाटे पाचच्या आत केबल रस्त्यापलीकडे गेली होती आणि दुपारी मेगरने (केबलचे इन्सुलेशन तपासण्याच्या उपकरणाने) चाचणी होऊन अहवालावर माझी सही झाली.

26 दिवसांपैकी नऊ आणि चार मिळून तेरा दिवस आम्ही सोसायटीच्याच कागदांची आणि धनादेशाची वाट पाहत होतो. हे मी दोष देण्यासाठी लिहीत नाही. सोसायटीचे काम दहा जणांच्या संमतीने चालते, वेळ लागतोच. परंतु ते तेरा दिवस माझ्या नावावर टाकून वर त्याला "परवान्याचा वेळकाढूपणा" म्हणणे मला फार लागले. उरलेल्या तेरा दिवसांतही बहुतेक दिवस सार्वजनिक रस्ता खोदण्यासाठी जी परवानगी घ्यावीच लागते, तिचे होते. ती मी टाळली असती, तर आपल्याला हवे तसे काम 3 तारखेच्या रात्रीच उरकले असते, हे खरे आहे. ते मी कोणासाठीच करत नाही.

आता अपमानाविषयी. 22 फेब्रुवारीला रात्री साडेदहाच्या सुमारास आपल्याच वॉचमनने आमच्या सुपरवायझरला फोन करून सांगितले की, गेटसमोर जेसीबी उभा आहे. कमिटीतील काही सभासदांनी 95 हजारांत काम करून देणाऱ्या एका व्यक्तीला परस्पर बोलावले होते आणि आपणही तेथे उपस्थित होता. परवानगी निघायची होती, शुल्क भरायचे होते, आणि पाहणीच्या दिवशी आम्ही फक्कीने मारलेल्या खुणांवरच बकेट टेकवलेली होती. ऑपरेटर विशीतला मुलगा होता. त्याला "इथून तिथपर्यंत खण" एवढेच सांगितलेले होते, त्यामुळे त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. आमचा सुपरवायझर खुणेवर जाऊन उभा राहिला आणि बकेट खाली येणार असेल तर मी इथून हलणार नाही, असे मोठ्या आवाजात म्हणाला. त्याने आवाज चढवला, कमिटीतील वयोवृद्ध सभासदांशी त्याने तसे बोलायला नको होते. त्यासाठी त्याने दुसऱ्या दिवशी येऊन माफी मागितली आहे आणि मीही येथे मागतो. काम थांबवल्याबद्दल मात्र मी माफी मागणार नाही.

त्याचे कारण आपल्याला 27 च्या रात्री दाखवता आले असते, पण आपण झोपला होता. रस्त्याखाली काय आहे हे पाहण्यासाठी आमच्याकडे केबल लोकेटर असतो आणि पाहणीच्या दिवशी तो फिरवलाही होता. त्याला धातू कळतो, प्लास्टिकची नलिका कळत नाही. म्हणून मुख्य चर घेण्याआधी आम्ही दोन ठिकाणी हाताने चाचणी खड्डे घेतो. पहिल्या खड्ड्यात अडीच फुटांवर पिवळी इशारा पट्टी लागली. तेव्हा पहार बाजूला ठेवून आमच्या माणसाने खुरप्याने माती काढली, आणि पट्टीखाली नारिंगी रंगाची गॅसची नलिका दिसली. 22 च्या रात्री जेसीबीची बकेट जिथे टेकली होती, तिथून ती हातभर अंतरावर होती. आम्ही लगेच गॅस कंपनीच्या आपत्कालीन क्रमांकावर कळवले, त्यांचा माणूस आला, आणि त्याच्या देखरेखीखाली आमचा मार्ग बाजूला सरकवून काम पुढे नेले. या खड्ड्याची छायाचित्रे वेळेसह फाईलमध्ये आहेत. ती पाहिल्यानंतरही आपल्याला सुपरवायझर उद्धट वाटला, तर मी काही बोलणार नाही.

परवाना म्हणजे भिंतीवर लावायचा कागद आहे, असा आपला समज झालेला दिसतो, म्हणून हेही सांगतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2023 च्या सुरक्षा विनियमांनुसार असे काम परवानाधारक विद्युत ठेकेदारानेच, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली करायचे असते. आपल्या राज्यात हे परवाने शासनाचे अनुज्ञापक मंडळ देते. मी आयटीआय करून, वायरमन म्हणून दुसऱ्याच्या हाताखाली राबून, मग पर्यवेक्षकाची परीक्षा देऊन इथपर्यंत आलो आहे. चाचणी अहवालावर मी सही करतो तेव्हा त्या केबलला उद्या काही झाले तर पहिला प्रश्न मला विचारला जाणार, हे मला ठाऊक असते. 95 हजारवाल्या व्यक्तीच्या कोटेशनमध्ये चाचणी अहवाल नव्हता, रस्त्याखालून केबल नेण्यासाठी पाइप नव्हता, शुल्क नव्हते आणि जीएसटीचे बिलही नव्हते. आमच्या 1 लाख 86 हजारांत साडेतीन कोअरची (तीन जाड आणि एक बारीक तार असलेली) आर्मर्ड, म्हणजे धातूचे कवच असलेली, केबल, पाइप, वाळूचा थर, विटा, इशारा पट्टी, मजुरी आणि चाचणी सगळे धरलेले आहे. भारतीय मानकाप्रमाणे लघुदाबाची (कमी व्होल्टेजची) केबल पाऊण मीटर आणि रस्ता ओलांडताना एक मीटर खोल असावी लागते, आणि ती तेवढी आहे. पुनर्स्थापना शुल्क सोसायटीने थेट महापालिकेला भरले, त्यातला एक रुपयाही माझ्याकडे आलेला नाही.

खोदाईपूर्वी आम्ही दूरसंचार विभागाच्या "कॉल बिफोर यू डिग" या ॲपवर सूचना नोंदवली होती. पंतप्रधानांनी मार्च 2023 मध्ये त्याचे उद्घाटन केले, आणि नियमांनुसार खोदणाऱ्याने अशी आगाऊ सूचना देणे बंधनकारक आहे. उत्तरादाखल दोन कंपन्यांनी आपापल्या फायबर केबलची जागा कळवली. त्यातली एक तुटली असती, तर सगळ्या गल्लीचे इंटरनेट बंद पडले असते. ही नोंद करायला दहा मिनिटे लागतात आणि त्याचे आम्ही वेगळे पैसे घेत नाही. आपल्या अभिप्रायात या कशाचाच उल्लेख नाही, याचे वाईट वाटले.

अभिप्राय काढून टाका, अशी विनंती मी करणार नाही. खड्ड्याबाबत तो खरा आहे. पण "कोणीही चालतो" हा सल्ला वाचून एखादी सोसायटी तसे करून बसली तर काय, याची मला आपल्यापेक्षा जास्त काळजी आहे, कारण जमिनीखाली काय निघते हे मी पाहिलेले आहे. जे हे वाचत असतील, त्यांनी हवे तर माझ्याकडे येऊ नये, दुसऱ्या कोणाकडेही जावे, परंतु परवान्याची प्रत मागून त्यावरची मुदत पाहावी आणि खोदाईची परवानगी निघाल्याखेरीज कोणाला कुदळ लावू देऊ नये.

आमच्याकडून यापुढे चर बुजवल्यानंतर आठवड्याने पुन्हा पाहणी करण्याचा विचार आहे, तसेच कामाचा टप्पा रोजच्या रोज ग्राहकाला कळवण्याची काही सोय करू. आपण कधीही कार्यालयात या, संपूर्ण फाईल पाहायला मिळेल. आपल्या वडिलांना भेटायला मी येत्या रविवारी सकाळी येऊ इच्छितो, आपली हरकत नसेल तर.

एक कामाची गोष्ट राहिली. केबल कुठून, किती खोलीवरून गेली आहे आणि गॅसची नलिका तिच्यापासून किती अंतरावर आहे, याचा मापांसह नकाशा आम्ही मीटरच्या खोलीत दाराच्या मागे लावला आहे. रंगकामात तो काढला जाऊ नये, आणि पुढे गेटसमोर कोणीही खोदायला आले, तर त्यांना आधी तो दाखवावा.

आपला,
परवानाधारक विद्युत ठेकेदार, पुणे